पावकी

भोरच्या शाळेत कासारबाई
पावकी घोकून घेत:
एक पाव पाव, बे पाव अर्धा,
तीन पाव पाऊण, चार पाव एक.
वाटायचं, ही तेल-तुपाची भाषा,
मोठेपणी हिचा काय उपयोग.

आता पाषाणच्या ग्रंथालयात रोज लागते.
चौघांनी मिळून लिहिलेला शोधनिबंध,
त्याला आलेले बारा उल्लेख,
तर प्रत्येकाच्या ताटात तीन वाढायचे
की चौघांनाही बारा-बारा?
समितीचं म्हणणं, बारा-बारा.
म्हणजे बाराचे अठ्ठेचाळीस झाले
आणि कुणाच्या खिशातून काही गेलं नाही.
एकदा हळूच विचारलं.
जोगदंडसर म्हणाले, पद्धत आहे.

पद्धत अशी:
निबंध उतरत्या भाजणीने मांडायचे,
जास्त उल्लेखांचा वर, बिनउल्लेखाचा तळाशी,
आणि बोट ठेवून खाली यायचं.
सहाव्याला निदान सहा, सातव्याला निदान सात,
आठव्याला पाचच. थांबा.
बोट एक ओळ मागे.
माणूस सात.
तीस वर्षं, दोन मुली, पाठीचं एक ऑपरेशन,
सात.

स्वतःच स्वतःला दिलेले वजा.
शिष्यांनी गुरूला दिलेले?
राहू द्या.
'यांचं म्हणणं साफ चुकीचं आहे' असा असला तर?
तोही एकच.
शिवी आणि ओवी एकाच मापाने.

मंगळवारी बकुळा ओतूरकरांची फाईल आली.
निवृत्तांसाठी कसलासा सन्मान, तीन नावांतून एक.
आयुष्य मुठेतल्या गोगलगायींवर.
यंत्राने आकडा दिला, दोन.

लग्नाआधी बी. ओतूरकर,
लग्नानंतर बी. शेजवलकर,
पुढे पुन्हा ओतूरकर
(कारण फाईलमध्ये नाही).
एका बाईचे तीन तुकडे,
त्यातला एक भलत्याच्याच अंगणात:
भालचंद्र ओतूरकर, वेल्डिंगचे तज्ज्ञ, भोसरी.
यादीत पोलाद, जस्त, सांध्यांची ताकद
आणि मधेच
शंखाच्या वळ्यांची मोजमापं.

फोन केला. म्हणाले,
"हो, दिसल्या होत्या गोगलगायी.
पण काढायच्या तर अर्ज करावा लागतो,
वर आकडा उतरतो."
मग जरा थांबून,
"त्या बाई आहेत का अजून?"

आहेत, म्हटलं. कर्वेनगरला.
"मग नमस्कार सांगा," म्हणाले,
"आणि सांगा, नीट ठेवल्या होत्या."

तीन दिवस पेन्सिलीने जुळवत बसले.
तिन्ही नावं एका ओळीत आली
तेव्हा दोनाचे नऊ झाले.
उत्सुकता म्हणून पावकीनेही मोजून पाहिलं,
नऊच राहिले.
बाई जवळजवळ सगळं एकटीने लिहीत.
ताट वाटून घ्यायला कोणी नव्हतं.

सन्मान अकरावाल्यांना गेला.

भाजणीच्या अगदी तळाशी एक निबंध होता,
एकोणीसशे शहाऐंशीचा.
ओंकारेश्वराखालचं पात्र, पाणी घोट्याएवढं,
दगडाच्या खालच्या अंगाला
सात नग, जिवंत.
त्याला एकुलता एक उल्लेख, गेल्या वर्षीचा,
कुणा नव्या पोराचा.
तसं उघडून वाचायचं काम माझं नाही,
माझं काम मोजायचं.
वाचलं:
"ओतूरकर यांना ही जात येथे आढळली होती.
आम्हाला आढळली नाही."

रकान्यात एक लिहिला.
साडेपाचची बस गेली तरी
बोट त्याच ओळीवर.
शिवी नाही, ओवी नाही,
पाव नाही, पाऊण नाही.
हा एक कसला, ते मला लागेना.

जोगदंडसरांना विचारलं असतं
तर म्हणाले असते,
एक म्हणजे एक.